मदत हवी आहे: मानववंशशास्त्र व विकास, एम.ए.चा स्वतंत्र संशोधन प्रकल्प, मार्गदर्शकांच्या ५ भेटी (चर्चामंच; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

टिपणवही

शेवटच्या सत्रातला प्रकल्प आहे. मुदत १५ आठवडे, शब्द १५,०००, मार्गदर्शकांच्या एकूण ५ भेटी. विषय सध्या कच्चा: 'ग्रामीण पाणीपुरवठ्यातील लोकसहभाग'. गावोगाव पाणी समित्या उभ्या करणारी एक संस्था फील्डवर्क करू द्यायला तयार आहे. गाडी आणि दुभाषाही देते म्हणते. अट एकच: प्रबंध जमा करण्याआधी त्यांची मंजुरी घ्यायची.

अडलंय ते असं. विषय फार मोठा होतोय का? ३० मुलाखती पुरतील का? अट मान्य करावी का? आणि ५ भेटी कशा वापरायच्या?

उंबरठा

मोठा कसला, तो अजून विषयच झालेला नाही. 'लोकसहभाग' हा प्रकल्प-अहवालातला शब्द. तो डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते हे: पंप बंद पडतो. मग कोण कोणाला सांगतं, वर्गणी किती ठरते, कोणाच्या ओसरीवर ठरते, कोण देत नाही, दुरुस्तीवाला किती दिवसांनी येतो. हे पाहता येतं, विचारता येतं, कागदात शोधता येतं. प्रश्न तिथून घडवा.

१५ आठवड्यांतून एथिक्सची मान्यता (लोकांशी बोलून संशोधन करण्याआधी घ्यायची परवानगी), वाचन आणि लेखन वजा केलं की क्षेत्रकार्याला ४ ते ५ आठवडे उरतात. तेवढ्यात दोन गावं पुरे, एक चालू पंपाचं, एक बंद पडलेल्या पंपाचं. बंदचं नाव संस्थेकडून आपणहून येणार नाही, मागून घ्यावं लागेल. ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्सनी १९८३ मध्येच ही खोड मांडून ठेवली आहे: बाहेरचा माणूस डांबरी रस्त्यालगतची, प्रकल्प पोचलेली गावं पाहतो, कोरड्या हंगामात जातो आणि पुढारी व पुरुषांशी बोलून परततो.

आणखी एक. समितीची इतिवृत्ताची वही पाहायला मागा. पुष्कळदा वर्षभराच्या सह्या एकाच पेनाच्या, एका बैठकीत उरकल्यासारख्या दिसतात, आणि पानापानावर 'सर्वानुमते मंजूर'. लगेच 'समिती कागदावरच आहे' असं लिहून मोकळं होऊ नका. वही कोणासाठी लिहिली जाते ते विचारा. ती तपासणीला येणाऱ्यासाठी असेल, तर निर्णय दुसरीकडे कुठेतरी होतोय. ते 'दुसरीकडे' सापडलं की तुमचं मुख्य प्रकरण सापडलं.

गोषवारा

मुलाखतींचा हिशेब आधी करा. ३० मुलाखती, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे साडेबावीस तासांचं ध्वनिमुद्रण. एका तासाचं शब्दशः लिप्यंतर करायला ५ ते ६ तास लागतात. झाले ११० ते १३५ तास, म्हणजे रोज ८ तास बसलात तरी १४ ते १७ दिवस. मध्ये दुभाषा असेल तर त्याहून जास्त, कारण मूळ वाक्य आणि त्यानं केलेलं भाषांतर दोन्ही उतरवावं लागतं. ('त्या म्हणतात, चांगलं आहे' असं दोन मिनिटांच्या बोलण्याचं भाषांतर आलं की समजावं, काहीतरी गळलं.)

१२ ते १५ मुलाखती धरा, त्यातल्या ४-५ जणांकडे दुसऱ्यांदा जा. दुसऱ्या खेपेला माणूस संस्थेला द्यायचं उत्तर सोडून बोलायला लागतो. '१२ मुलाखतींत नवं येणं थांबतं' हे वाक्य मात्र सरसकट चिकटवू नका. ते गेस्ट, बन्स व जॉन्सन यांच्या २००६ च्या लेखातून येतं. तो अभ्यास घाना आणि नायजेरियातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखतींवर होता, गट बराचसा एकजिनसी, प्रश्न ठरलेले. तुमच्याकडे सचिव, वर्गणी न देणारी घरं, दुरुस्तीवाला आणि संस्थेचे कर्मचारी असे चार वेगळे गट आहेत.

क्षेत्रटिपणं त्याच रात्री लिहा. पानावर तीन रकाने करा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. तिसरा वेगळा नसेल तर महिन्याभरानं तुमचाच अंदाज तुम्हाला पुरावा वाटू लागतो.

अर्धविराम

मंजुरीची अट मान्य करू नका. पण नुसतं 'नाही' म्हणून आलात तर दार बंद. एक पानाचा लेखी करार पुढे ठेवा: तथ्यांच्या चुका दाखवायला मसुदा १४ दिवस त्यांच्याकडे, मतभेद असल्यास त्यांचं म्हणणं तळटीपेत, निष्कर्ष तुमचे. हे क्षेत्रकार्याआधीच ठरलेलं हवं आणि मार्गदर्शकांच्या नजरेखालून गेलेलं हवं. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मॉस यांनी पश्चिम भारतातल्या ब्रिटिश मदतीच्या शेती-प्रकल्पावर लिहिलेलं पुस्तक २००५ मध्ये आलं, त्याआधी प्रकल्पातल्या सहकाऱ्यांनी विद्यापीठापर्यंत आणि व्यावसायिक संघटनेपर्यंत हरकत नेली होती. तिथे लेखक मुरलेला प्राध्यापक होता, विद्यार्थ्याला हे झेपत नाही.

गाडी आणि दुभाषा दोन्ही नाकारा, परवडत असेल तर. संस्थेच्या गाडीतून उतरलात की तुम्ही संस्थेचेच. पुढच्या सगळ्या मुलाखतींत 'अजून एक पंप मिळाला तर बरं होईल' हेच ऐकाल.

टोपणनावांवर विसंबू नका. गावात समितीचा सचिव एकच असतो, त्याला काहीही नाव द्या, संस्था ओळखणारच. जे पद ओळख उघडी करतं ते 'समितीतील एक सदस्य' असं पातळ करा, किंवा ते वाक्य गाळा. खरी नावं आणि टोपणनावं यांची जुळणी वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये ठेवा.

टिपणवही

खूप आभार. एथिक्सची मान्यता लांबली तर त्या काळात दोन-चार अनौपचारिक मुलाखती उरकल्या तर चालतील?

अर्धविराम

नाही. मान्यतेआधी लोकांकडून गोळा केलेलं काही प्रबंधात वापरता येत नाही, आणि 'अनौपचारिक' म्हटल्यानं सुटका होत नाही. त्या आठवड्यांत प्रकाशित अहवाल, अंदाजपत्रकं, नकाशे वाचा. अर्जात तोंडी संमतीचा पर्याय आधीच मागून ठेवा. जिथे सही म्हणजे कर्ज किंवा जमिनीची भानगड, तिथे कागद पुढे केला की माणूस गप्प होतो.

गोषवारा

भेटींचं राहिलं. पहिलीला एक पान: प्रश्न, गावं, काय पाहणार. दुसरी अर्ज आणि करारासाठी, निघण्याआधी. तिसरी क्षेत्रकार्याच्या मध्यावर, फोनवर चालेल, पण आदल्या दिवशी दोन पानं कच्ची टिपणं पाठवून. प्रश्न बदलायचा तर तेव्हाच, नंतर नाही. चौथीला प्रस्तावना नेऊ नका, विश्लेषणाचं एक प्रकरण न्या. प्रस्तावनेवर कुणीही तासभर छान बोलतो आणि भेट वाया जाते. पाचवीला पूर्ण मसुदा, दहा दिवस आधी पाठवलेला. मार्गदर्शकांच्या रजेच्या तारखा आजच विचारा. प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते पाच ओळींत ईमेल करा. तुम्हालाच लागेल.

टिपणवही

प्रश्न असा केलाय: 'दोन गावांत पंप बिघडल्यावर दुरुस्तीची वर्गणी ठरवण्याच्या प्रक्रियेत लोकसहभाग कसा घडतो?'

उंबरठा

'लोकसहभाग' खोडा. '…वर्गणी कोण, कुठे आणि कशी ठरवतं?' एवढंच ठेवा आणि पहिल्या भेटीला न्या.