वूफर बदलण्याआधी खोका तपासा

पावसात डिकीत पाणी शिरल्यापासून बास भसभसतो, म्हणून नवा वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, घ्यायचा म्हणताय. थांबा, घाई करू नका! ऐरोलीत माझ्या गाडीचंही हेच झालं होतं. वूफर ठणठणीत होता, पण तो बसवलेला एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) खोका तळाशी फुगून सांधा उकलला होता.

बंद खोका (हवेसाठी मुद्दाम ठेवलेलं भोक नसलेला) असेल तर गाणं लावून सांध्यांपाशी उदबत्ती धरा. धूर झटक्याने हलला की हवा तिथूनच गळतेय. मग वूफरचा कोन, म्हणजे समोरचा हलणारा पडदा, दोन्ही हातांनी हलका, समान दाबा. खरखर लागली तर आतली तारेची कॉइल घासतेय, तेव्हा मात्र वूफरचाच दोष.

नुसती भेग असेल तर खोका पूर्ण वाळवा, लाकूड चिकटवायचा डिंक भेगेत भरून दिवसभर आवळून ठेवा, आतून सिलिकॉन लावा. फुगलेलं एमडीएफ मात्र पुन्हा घट्ट होत नाही, ती फळी बदलाच. मी सुताराकडून १८ मिमीचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा प्लायवूड) कापून घेतला. आतलं घनफळ तेवढंच ठेवा, नाहीतर बास बदलतो. वूफरखालचं गॅस्केट, म्हणजे हवा अडवणारी पट्टी, तीही बघा, माझी अर्धी गळती तिथेच होती.

आणि डिकीचं रबर आधी बदला हं, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच.