मदत हवी आहे: हिरडीच्या टिश्यूत अ‍ॅक्टिन निरोगी नमुन्यात तीन सायकल उशिरा येतोय

दंतमूळ (धागाकर्ता)

एमडीएसचा (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध. स्टेज ३ पिरिओडॉन्टायटिसच्या (हिरडी आणि दाताभोवतीचं हाड झिजवणारा आजार) हिरडीत आयएल-१-बीटा, आयएल-६, एमएमपी-८ आणि रँकल हे दाहाशी आणि झीज होण्याशी संबंधित जीन किती चालू आहेत ते निरोगी हिरडीच्या तुलनेत बघायचं आहे. सायबर ग्रीन क्यूपीसीआर (जीनच्या प्रती चमकणाऱ्या रंगाने मोजणारी चाचणी), तुलनेचा संदर्भ जीन अ‍ॅक्टिन.

रोगट नमुने ११, रुग्ण ७: पॉकेट (दात आणि हिरडीमधली फट) ५ मिमी किंवा जास्त, प्रोबिंगला (सळईने खोली मोजताना) रक्त, फ्लॅपच्या (हिरडी उचलून करायच्या शस्त्रक्रियेच्या) वेळी निघणारी आतली पट्टी. निरोगी ९, प्रत्येक वेगळ्या व्यक्तीचा: क्राउन लेंग्थनिंगमधून (दाताचा दिसणारा भाग वाढवण्याची शस्त्रक्रिया), खोली ३ मिमीपर्यंत, रक्त नाही. टिश्यू लगेच आरएनएलेटरमध्ये (आरएनए टिकवणारं द्रावण), तासाभरात उणे ८० ला. नंतर १ मिली ट्रायझॉलमध्ये (फिनॉल आणि ग्वानिडिनचं द्रावण) प्लास्टिकच्या पेसलने (छोट्या मुसळीने) कुटून आरएनए काढला.

रोगटातून साधारण १५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, निरोगीतून जेमतेम २०-२५. शुद्धता दाखवणारं २६०/२८० (त्या नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर) सगळीकडे १.७ ते १.९. २६०/२३० रोगटात १.६, निरोगीत ०.४ ते ०.६. नॅनोड्रॉपवर (प्रकाशशोषणाने मोजणारं यंत्र) मोजून प्रत्येकी २०० नॅनोग्रॅम आरएनएची सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) केली.

अडचणी तीन. अ‍ॅक्टिनचा सीटी (जीन कितव्या सायकलला दिसला तो आकडा; जास्त म्हणजे प्रती कमी) रोगटात १८-१९, निरोगीत २१-२२. आयएल-१-बीटा एका नमुन्यात ४ पट, दुसऱ्यात ६० पट. एमएमपी-८ तर रोगटातही ३४ च्या पुढे, म्हणजे प्रायमर (जीन पकडणारे छोटे डीएनए तुकडे) फेल असावेत. नवे प्रायमर मागवू की किट बदलू? दोन्हींना पुरतील एवढे पैसे नाहीत.

बर्फाचा_डबा

आधी काहीच मागवू नका. तीन सायकल म्हणजे आठ पट. दोन्ही नळ्यांत खरोखर २०० नॅनोग्रॅम असते तर एवढी तफावत नुसत्या जीवशास्त्रातून येणं कठीण. मला हे मापातलं पाप वाटतंय. नॅनोड्रॉपला आरएनए कळत नाही, त्याला फक्त २६० ला शोषलेला प्रकाश कळतो. ट्रायझॉलमधला फिनॉल २७० च्या आसपास शोषतो आणि त्याची शेपटी २६० वर येते. आरएनए १५० असेल तर ही भेसळ खपून जाते, २० असेल तर मोजलेल्यातला मोठा हिस्सा तीच असते. आलेख उघडून बघा: शिखर २६० वर आहे की २७० कडे सरकलंय? पुढची मोजणी क्यूबिटवर (आरएनएला चिकटणाऱ्या रंगाने मोजणारं यंत्र) करा.

दुसरी शक्यता, एन्झाइम अडतंय. ग्वानिडिन २३० ला शोषतं, तुमचा ०.४ बहुधा त्याचाच. निरोगीतली एक सीडीएनए घ्या, सरळ आणि पाचपट पातळ करून, दोन्ही एकाच प्लेटवर अ‍ॅक्टिनने चालवा. पाचपटीला सीटी २.३ ने वाढायला हवा. त्याहून बराच कमी वाढला तर अडथळा आहे.

कोलाजेन_काका

डब्याशी अर्धा सहमत. उलट बाजूही तपासा: निरोगी उशिरा येत नसून रोगटच लवकर येत असेल तर? सुजलेल्या हिरडीत पेशी ठासून भरलेल्या, त्यामुळे जिनोमिक डीएनएही भरपूर. इन्ट्रॉन (जीनमधला, एमआरएनएत न येणारा भाग) ओलांडणारे प्रायमर घेतलेत म्हणून निर्धास्त राहू नका. अ‍ॅक्टिन आणि जीएपीडीएच (दुसरा नेहमीचा संदर्भ जीन) दोघांचे इन्ट्रॉन नसलेले स्यूडोजीन (निकामी नकला) जिनोममध्ये ढिगाने आहेत. डीएनेज (डीएनए कापणारं एन्झाइम) दिलंय का? धाग्यात उल्लेख नाही. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्यासाठी चालवा. तिच्यात आणि खऱ्या नळीत ७ सायकलचं अंतर असेल तर डीएनएचा वाटा १ टक्क्याच्या आत.

आता टिश्यू. निरोगी हिरडी म्हणजे जवळजवळ कोलाजेनची दोरी. प्लास्टिकच्या पेसलखाली ती चपटी होते, फुटत नाही. ट्रायझॉलमध्ये पांढरे धागे तरंगत राहतात, आरएनए त्यांच्यातच अडकलेला. सिरॅमिक मणी आणि बीड बीटर, नाहीतर द्रव नायट्रोजन आणि खलबत्ता. खल आधी गार करून घ्या, नाहीतर पहिल्या मिनिटातच टिश्यू वितळून भिंतीला चिकटतं. कॉलम किट वापरणार असाल तर फायब्रस टिश्यूचंच घ्या, ३० मिलिग्रॅमच्या वर टिश्यू नको. त्यात ३०० मायक्रोलिटर लायसेटमध्ये ५९० पाणी आणि १० प्रोटिनेज के घालून ५५ अंशांना १० मिनिटं ठेवतात. पाणी विसरलात तर घट्ट ग्वानिडिनमध्ये एन्झाइम नीट काम करत नाही आणि धागे तसेच राहतात.

आरएनएलेटरमध्येही घाई झालीय. तुकड्याची एक तरी बाजू ५ मिमीच्या आत हवी, द्रावण निदान पाचपट, ४ अंशांना रात्रभर मुरू द्यायचं, मगच गोठवायचं. तासाभरात गोठवलं तर ते आतपर्यंत पोचत नाही. काढताना तुकडा टिपकागदावर टिपून घ्या, नाहीतर त्यातलं अमोनियम सल्फेट ट्रायझॉलमध्ये उतरून थर नीट वेगळे होऊ देत नाही. छोट्या तुकड्याला त्याचा त्रास जास्त.

दंतमूळ

दोन्ही करून पाहिलं. पाचपट पातळ केल्यावर निरोगीचा सीटी फक्त १.१ ने वाढला, रोगटाचा २.२ ने. आलेखात निरोगीचं शिखर २६८ वर आहे. डीएनेज दिलं नव्हतं. ट्रान्सक्रिप्टेज नसलेल्या नळीत अ‍ॅक्टिन रोगटात ३१, निरोगीत ३३. हातातले निरोगी नमुने वाचतील का?

बर्फाचा_डबा

म्हणजे डीएनए निर्दोष, ट्रायझॉल दोषी. वाचतील. ०.१ पट ३ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट (पीएच ५.२), १० मायक्रोग्रॅम ग्लायकोजेन, अडीच पट गार इथेनॉल, उणे २० ला रात्रभर. १२,००० जी ला ४ अंशांवर अर्धा तास फिरवा, मग ७५ टक्के इथेनॉलने दोनदा धुवा. गोळी पांढरी कोरडीठाक होऊ देऊ नका, विरघळणार नाही. पुढच्या वेळी क्लोरोफॉर्मनंतर वरचा थर शेवटच्या थेंबापर्यंत ओढू नका, शंभरेक मायक्रोलिटर सोडून द्या. मधल्या थराला टिप लागली की हेच भोगावं लागतं. मग सगळ्याच नमुन्यांची सीडीएनए पुन्हा, एकाच दिवशी, क्यूबिटच्या आकड्यावर.

आरएनए थोडा तुटका असेल तर नुसता ऑलिगो-डीटी (आरएनएच्या शेपटीला धरणारा प्रायमर) नको, रँडम हेक्सामर (कुठेही चिकटणारे प्रायमर) मिसळा. अ‍ॅम्प्लिकॉन (पीसीआरमध्ये वाढवायचे तुकडे) ७० ते १२० बेसचेच ठेवा.

कोलाजेन_काका

आणि एकट्या अ‍ॅक्टिनवर प्रबंध उभा करू नका. सुजेत शिरणाऱ्या पेशींत अ‍ॅक्टिन हलतो, जीएपीडीएच ऑक्सिजन कमी पडला की वाढतो, बीटा-२-मायक्रोग्लोब्युलिन इंटरफेरॉनने वाढतो. एचपीआरटी-१, एसडीएचए, आरपीएलपी-०, पीपीआयए, टीबीपी हे पाच संदर्भ जीन, चार रोगट आणि चार निरोगी नमुन्यांवर चालवून जीनॉर्ममध्ये (संदर्भ जीनची स्थिरता मोजणारं सॉफ्टवेअर) घाला. एम (अस्थिरतेचा आकडा) ०.५ च्या खाली आला तर उत्तम. असल्या मिश्र टिश्यूत १ पर्यंत चालवून घेतात. स्थिर निघतील त्या दोन-तीनची भूमितीय सरासरी घ्या. पैसे खर्चायचेच तर इथे.

पेशीगणती

एमएमपी-८ चे प्रायमर फेकू नका. न्यूट्रोफिल हे प्रोटीन अस्थिमज्जेत असतानाच बनवून कणिकांत साठवतो. हिरडीत येतो तोवर त्याचा एमआरएनए जवळजवळ संपलेला असतो. म्हणून पॉकेटच्या द्रवात एलायझाला (प्रोटीन मोजणारी चाचणी) एमएमपी-८ भरभरून मिळतं आणि त्याच जागेच्या टिश्यूत क्यूपीसीआर गप्प. खात्री हवी तर अस्थिमज्जेची सीडीएनए पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लावा.

आयएल-१-बीटाचं ४ आणि ६० हे मोजमाप सुधारल्यावरही पूर्ण जाणार नाही. एका पट्टीत एपिथेलियम (वरचा पेशीथर) जास्त, दुसरीत प्लाझ्मा पेशींचा थवा, मग ६० पट म्हणजे जीन चढला की पेशी वाढल्या? सीडी-४५ (दाहक पेशींची खूण, जीन पीटीपीआरसी) आणि केराटिन-५ (एपिथेलियमची खूण) यांचे प्रायमर सोबत चालवा. आयएल-१-बीटा सीडी-४५ च्याच प्रमाणात वाढत असेल तर ‘अभिव्यक्ती वाढली’ असं न लिहिता ‘दाहक पेशींच्या भरतीसोबत वाढली’ असं लिहा. शक्य असेल तर तुकड्याची एक कड फॉर्मलिनमध्ये टाकून एच-अँड-ई (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवणारं रंगकाम) करून ठेवा, परीक्षक तेच मागतात.

ताळा करायला जीईओवरचा (जीन-माहितीचं खुलं संग्रहस्थळ) जीएसई १६१३४ हा संच उघडा: १२० रुग्ण, ३१० हिरडीचे नमुने, त्यातले २४१ रोगट आणि ६९ निरोगी. तुमचा जीन तिथे कोणत्या दिशेला जातो ते फुकटात कळतं. फक्त तिथले ‘निरोगी’ नमुने रोग्यांच्याच तोंडातल्या ठीक जागांचे आहेत, तुमचे नाहीत.

भूल देताना ज्या पॅपिलाचा (दोन दातांमधल्या हिरडीचा) तुकडा घेणार तिथेच सुई टोचू नका, अ‍ॅड्रेनालिनने रक्तपुरवठा आवळला जातो आणि आयएल-६ सारख्या जीनचे आकडे बिघडू शकतात. ब्लॉक (मुख्य नसेजवळची भूल) द्या किंवा लांबून टोचा.

दंतमूळ

सीडी-४५ आणि केराटिन-५ मागवते. शेवटचं: ११ नमुने ७ रुग्णांचे आहेत, एन (नमुनासंख्या) ११ धरू का?

पेशीगणती

७. एकाच तोंडातल्या दोन जागा एकमेकींसारख्या असतात. रुग्णाप्रमाणे डेल्टा-सीटीची (जीनचा सीटी वजा संदर्भ जीनचा सीटी) सरासरी काढून मान-व्हिटनी (दोन गटांची तुलना करणारी चाचणी), किंवा रुग्ण हा रँडम घटक घेऊन मिक्स्ड मॉडेल. चाचणी डेल्टा-सीटीवरच करा. ‘किती पट’ हा आकडा फक्त आलेखापुरता.