पालेभाजी की कंदमुळं: रोजच्या ताटात जास्त जागा कुणाला?

माजघर:
माझं मत सरळ आहे. रोजची भाजी म्हणून पालेभाजीलाच पहिला मान द्यावा. बटाटा, रताळं, सुरण, अरवी ही भात-पोळीच्या हिशेबात धरावीत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, त्यात बटाटा-रताळं धरत नाही, कारण त्यांत पिष्ट भरपूर असतं. १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण २३ कॅलरी, तेवढ्याच रताळ्यात ८६. पालकातून फोलेट, मॅग्नेशियम, क आणि के जीवनसत्त्व मिळतं ते वेगळंच. घरात मधुमेह असताना पोळी, भात आणि वर बटाट्याची भाजी असं जेवण रोज होतं, याचं फार वाईट वाटतं.

शेतबांध:
ताई, अजिबात पटलं नाही. गाजर, मुळा, बीट जमिनीखालचीच ना? गाजरात ४१ कॅलरी, मुळ्यात १६, म्हणजे पालकाहूनही कमी. बटाट्याचा दोष सगळ्यांच्या माथी कशाला? आणि २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यातल्या तिघांचं काम नारिंगी गराच्या रताळ्यावरच होतं. आफ्रिकेतल्या मुलांना अ जीवनसत्त्व मिळावं म्हणून मोझांबिक, युगांडात ते शेतात आणि घराघरात पोचवलं. शिवाय दिवसभर उन्हात राबणाऱ्याचं पोट पालकाच्या २३ कॅलरींवर भरत नाही.

माजघर:
नारिंगी गराच्या, हे महत्त्वाचं! आषाढीला, महाशिवरात्रीला आपण उकडतो ती रताळी बहुतेक पांढऱ्या गराची. ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते बीटा-कॅरोटिन त्यांत फारच थोडं. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेचं 'भू सोना' हे नारिंगी वाण आहे. ते आपल्या मंडईत ढिगाने येऊ द्या, मी रताळ्याच्या बाजूने बोलेन. गाजर-मुळ्याचं म्हणणं मान्य, पण घरोघरी रोज शिजतो तो बटाटा.

रानवाट:
पालकाचे आकडे देताना अंगी किती लागतं तेही सांगायला हवं. पालकात ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवणारं द्रव्य, खूप. त्यामुळे त्यातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम ५ टक्के शरीरात शोषलं जातं, दुधातलं मात्र साधारण पाव हिस्सा. १०० ग्रॅममधलं २.७ मिलिग्रॅम लोहही पूर्ण मिळत नाही. लिंबू पिळलं तर फरक पडतो, जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटा परिणाम होतो. ऑक्झलेटचे मुतखडे वारंवार होणाऱ्याने रोज पालक खाऊ नये. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यानेही के जीवनसत्त्वामुळे पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू-घटवू नये, डॉक्टरांना विचारावं. पण पालेभाजी म्हणजे फक्त पालक का? मेथी, शेपू, शेवग्याचा पाला, पावसात टाकळा, फोडशी. यांना या वादात कुणी विचारतच नाही.

शेतबांध:
हे पटलं. मला तर भाजीवाला बीटाचा पाला मोडून फेकतो, तेव्हा जीव तुटतो. कंदात १०० ग्रॅमला लोह ०.८ मिलिग्रॅम, पानांत सुमारे २.६. मुळ्याच्या पाल्याची परतून भाजी होते, तोही उकिरड्यावर जातो. कोवळा पाला असेल तर त्यासकट मागून घ्या, पण त्याच दिवशी शिजवा, दुसऱ्या दिवशी मान टाकतो.

माजघर:
बीटाच्या पानांतही ऑक्झलेट पालकासारखंच असतं, तेव्हा लोहाच्या आकड्यावर भुलू नका. मुळ्याच्या पाल्याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. आणि ती भाजीसुद्धा शेवटी पालेभाजीच, शेतबांध.