मदत हवी आहे: ‘दिल दोस्ती दुनियादारी’च्या चाहत्यांचा अंक, सांगलीत छपाई

मंडळी, २०१५ साली झी मराठीवर लागलेल्या ‘दिल दोस्ती दुनियादारी’ या मालिकेवर आम्ही सांगलीतले काही चाहते मिळून अंक काढतोय. मालिकेतले सहा मित्र राहतात त्या ‘माजघर’ या घराचा आठवणीतून काढलेला नकाशा, त्यांच्यातल्या आशू आणि कैवल्यवर लेख, सहाही जणांची हाताने काढलेली चित्रं, असा ३२ पानांचा मजकूर तयार आहे. मालिकेतले फोटो मुद्दाम घेतले नाहीत, त्यांचे हक्क आपले नाहीत.

अडलंय ते छपाईत. ए-४ कागद मधोमध दुमडून पिना मारायच्यात, म्हणजे पहिल्या कागदावर एका बाजूला ३२ आणि १, मागे २ आणि ३१ अशी पानं यायला हवीत. ही जुळणी कशात करता? शिवाय मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि प्रेसवाले श्रीलिपी (युनिकोडआधीची जुनी फॉन्टपद्धत) मागतात. बदलताना प्रत्येक ‘ऱ्या’ फुटतो. एवढी मेहनत घेतलेला लेख असा छापून चालणार नाही. शंभरच प्रती हव्यात, त्यामुळे ऑफसेट (प्लेट बनवून होणारी, जास्त प्रतींसाठीची छपाई) परवडत नाही. विश्रामबाग किंवा मिरजेत युनिकोड पीडीएफवरून डिजिटल छपाई करून, कडा कापून देणारं कुणी माहीत आहे का?

पुढे दर तीन महिन्यांनी काढायचं झालं, तर २०२३च्या कायद्याने नियतकालिकाची नोंदणी लागते. कुणी केली असेल तर कागदपत्रं काय लागली तेही सांगा.