पेन्टॅटॉनिक स्केल पाठ आहे, पण सोलो कॉर्ड्सशी जुळत नाही

सांजसूर:

नमस्कार. मी काही वर्षांपासून हौसेखातर गिटार वाजवतो. मोकळ्या तारांचे नेहमीचे कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) वाजवून गाण्याला साथ करणे मला जमते आणि ए मायनर पेन्टॅटॉनिक या पाच स्वरांच्या स्केलचा पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरील धातूच्या पट्ट्यांनी आखलेला घर) आकारही हातात पक्का बसला आहे. अडचण पुढची आहे. ए मायनर, एफ, सी आणि जी हे कॉर्ड्स प्रत्येकी चार मात्रा वाजवून मी ते रेकॉर्ड करतो आणि त्यांच्यावर सोलो वाजवू लागतो, तेव्हा एकही स्वर खटकत नाही, पण ऐकणाऱ्याला मी स्केलचा सराव करत आहे असेच वाटते. खालचा कॉर्ड बदलला काय आणि न बदलला काय, माझ्या वाजवण्यात काहीच फरक पडत नाही. आता स्केलचे उरलेले चार आकार पाठ करावेत, की आधी दुसरे काही शिकावे? शिवाय एफचा बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी सर्व तारांवर आडवी दाबून धरायचा कॉर्ड, धरल्यावर पहिल्या दोन (सर्वांत बारीक) तारा दबक्या वाजतात. माझी बोटे आखूड आहेत, हे त्याचे कारण असू शकेल का?

मंद्रसप्तक:

उरलेले आकार तूर्त बाजूला ठेवावेत असे माझे स्पष्ट मत आहे. तेच पाच स्वर आणखी चार ठिकाणी सापडतील इतकेच. मूळ प्रश्न तसाच राहील.

आपल्या स्केलमध्ये ए, सी, डी, ई आणि जी हे पाच स्वर आहेत. एफ कॉर्ड एफ, ए आणि सी या स्वरांनी बनतो, तर जी कॉर्ड जी, बी आणि डी या स्वरांनी. म्हणजे कॉर्ड बदलल्याची खूण ज्यांच्यामुळे सर्वांत स्पष्ट पटते, ते एफ आणि बी हे दोन स्वरच पेन्टॅटॉनिकमध्ये नाहीत. काहीही खटकत नाही आणि काहीही घडत नाही, ही दोन्ही लक्षणे एकाच कारणातून येतात.

म्हणून आधी फक्त तिसऱ्या तारेवर वाजवा. पाचव्या फ्रेटवरचा सी हा स्वर ए मायनर, एफ आणि सी या तिन्ही कॉर्ड्समध्ये आहे, त्यामुळे तो तीन कॉर्ड्सभर तसाच धरून ठेवता येतो. जी कॉर्ड आला की तर्जनी एक फ्रेट मागे, चौथ्यावर न्या; तो बी. या एका अर्ध्या स्वराच्या उतारात कॉर्ड बदलल्याचे जितके स्वच्छ ऐकू येते, तितके वीस स्वरांच्या धावत्या तानेतूनही येत नाही. त्यानंतर दुसऱ्या तारेवर पाचवा, सहावा, पाचवा आणि तिसरा फ्रेट असे क्रमाने प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या मात्रेवर वाजवा. हे ई, एफ, ई आणि डी असे स्वर होतात आणि त्यांतला प्रत्येक स्वर त्या त्या कॉर्डचा घटक आहे. या दोन ओळी नीट ऐकू येऊ लागल्या, की मधल्या मात्रा आपल्या पेन्टॅटॉनिकच्या स्वरांनी भरा. स्केल सोडायचे नाही. त्याला उतरण्याची ठिकाणे द्यायची आहेत.

तारजोड:

बार कॉर्डपुरते लिहितो. बोटांच्या लांबीचा यात फारसा संबंध नाही. एफच्या आकारात तिसरी, चौथी आणि पाचवी तार इतर बोटे दाबतात, त्यामुळे तर्जनीने प्रत्यक्षात सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारा वाजत्या ठेवायच्या असतात. सहाही तारांवर सारखा जोर लावल्यामुळे हात विनाकारण थकतो. तर्जनी अंगठ्याच्या बाजूला किंचित कलती ठेवा, म्हणजे तिची मऊ बाजू न येता हाडाची कड तारांवर येईल. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून असू द्या. तार बोटाच्या पेराच्या खाचेत पडत असेल, तर बोट थोडे वर किंवा खाली सरकवा. नुसता अंगठ्याने चिमटा न काढता कोपर शरीराकडे हलकेच ओढल्यास दाबाचे बरेच काम हाताच्या वजनाने होते.

आता हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा. तो ए मेजर होतो. तिथे स्वच्छ वाजतो आणि पहिल्याच फ्रेटवर अडतो असे असेल, तर गिटारचे नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारा टेकणारी खाचांची पट्टी, तपासावे. एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पाहा: पहिल्या फ्रेटची पट्टी आणि तार यांच्यात अगदी केसाएवढे अंतर असायला हवे. ते ठळक दिसत असेल, तर नटच्या खाचा उथळ राहिल्या आहेत. त्या खोल करण्याचे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे, कारण खाच जास्त कापली गेली की मोकळी तार फ्रेटवर खरखरते.

विरामचिन्ह:

मंद्रसप्तक यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण केवळ योग्य स्वरावर उतरल्याने वाक्य तयार होत नाही, असेही मला आवर्जून सांगावेसे वाटते. प्रश्नात वर्णन केलेले धावते वाजवणे बहुधा अखंड असते, त्यात श्वास घ्यायला जागाच नसते. दोन मात्रा वाजवून दोन मात्रा पूर्ण थांबा, आणि वाजवण्याआधी तो तुकडा गुणगुणून पाहा. जे गळ्यातून येत नाही ते तूर्त बोटांतूनही काढू नका. तीनच स्वर घेऊन त्यांची लय बदलत राहिले, तरी बराच वेळ नवे काही सुचत राहते.

बोटांची चिंता असेल, तर जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचे वादन अवश्य ऐका. १९२८ मधील आगीत त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली, तरीही प्रामुख्याने उरलेल्या दोन बोटांनी त्याने जे सोलो वाजवले, त्यांत कॉर्डचे स्वर किती ठसठशीत उमटतात ते ऐकण्यासारखे आहे.

सांजसूर:

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या तारेवरची ओळ वाजवून पाहिली आणि जी कॉर्डवरचा बी लागताच फरक कळला. पाचव्या फ्रेटवर बार कॉर्डही बऱ्यापैकी वाजतो, त्यामुळे नट तपासून घेतो. मात्र प्रत्येक वेळी पहिल्या मात्रेवरच नवा स्वर ठेवला, की वाजवणे साचेबद्ध वाटू लागते. यावर उपाय आहे का?

मंद्रसप्तक:

आहे, आणि इथूनच खरी मौज सुरू होते. ठिकाण तेच ठेवून पोहोचण्याची वेळ बदला. सी कॉर्डच्या चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धातच बी वाजवा आणि तो जी कॉर्डवर लांबू द्या. स्वर कॉर्डला पुढे ओढत आहे असे वाटेल. याउलट, जी कॉर्ड सुरू झाल्यावरही दोन मात्रा सी स्वरच धरा आणि तिसऱ्या मात्रेला बी वर उतरा. त्या दोन मात्रांचा ताण ऐकणाऱ्याला जाणवतो, म्हणूनच उतरल्यावरचे समाधानही जाणवते.

पुढे ए मायनर परत येताना तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट दाबून तार पूर्ण एका स्वराने ताणा, म्हणजे डी चा ई होईल. अनामिकेने ताणताना मागची दोन्ही बोटे आधाराला त्याच तारेवर ठेवा. ताण पुरेसा झाला की नाही, हे दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवून ताडून पाहा. तिथला ई आणि ताणलेला ई अगदी एक व्हायला हवेत. बहुतेकांचा ताण थोडा कमी पडतो, म्हणून हे ताडून पाहणे मी माझ्या स्वतःच्या सरावातूनही कधी वगळत नाही.