वर्षअखेरचं पालक-सूचनापत्रक : आठवी, नववी, दहावीसाठी नेमकं काय लिहावं?

खडूवाल्या बाई

नमस्कार मंडळी. अनुदानित माध्यमिक शाळा, आठवी ते दहावी. पालक बहुतेक शेतीतले किंवा एमआयडीसीत पाळीवर जाणारे. १ मे रोजी निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकासोबत एक पान द्यायचंय. एकच पान, पाठपोट. दरवर्षीच्या पानावर असतं काय, तर शाळा कधी उघडणार, ग्रंथालयाची पुस्तकं जमा करा, गणवेश स्वच्छ असावा. ते पान घरी पोचायच्या आधी मैदानावर उडत असतं, आणि त्यात पालकांचा दोष आहे असं मला वाटत नाही.

यंदाच्या कच्च्या मसुद्यात एवढंच आहे:

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होईल, नक्की तारीख गटावर कळवू.
नववीच्या पालकांनी मुलाचं नाव व जन्मतारीख तपासून घ्यावी.
दहावीच्या पालकांनी अकरावीसाठी कागदपत्रं तयार ठेवावीत.
आठवीत कमी गुण असतील तर वर्गशिक्षकांना भेटावं.

चारही ओळी खऱ्या, पण त्या वाचून कुणी जागचं उठणार नाही. 'कागदपत्रं' म्हणजे कुठली, आणि 'तपासून घ्यावी' म्हणजे कशावरून? कार्यालयात बसणाऱ्यांनी आणि प्रवेशाचं काम केलेल्यांनी सांगावं.

---

जनरल रजिस्टर

बाई, नववीची ओळ सगळ्यात वर घ्या. दहावीच्या पालकांना निकालाची धास्ती असतेच, ते आपणहून येतात. नववीचे मे महिन्यात निवांत असतात, आणि दुरुस्त्या करायला सोयीचा वेळ तोच.

कारण सांगतो. दहावीचा बोर्डाचा फॉर्म दिवाळीच्या आगेमागे भरतात. त्यात मुलाची माहिती नव्याने लिहीत नाहीत, यू-डायस या सरकारी ऑनलाइन शालेय नोंदीतली, विद्यार्थ्याच्या पेन या कायमच्या क्रमांकावरून ओढतात. यू-डायसमध्ये ती आलेली असते जनरल रजिस्टर या शाळेच्या प्रवेश-नोंदवहीवरून. म्हणजे पहिलीत कुणी घाईत लिहिलेली वेलांटी थेट गुणपत्रिकेवर उतरते. बोर्डाकडे फॉर्म जाण्याआधी प्री-लिस्ट, भरलेल्या माहितीची तपासणी-यादी, येते, तिच्यावर विद्यार्थी आणि पालकाची सही लागते. ही सही नव्वद टक्के घरांत न वाचता होते असं मी पैजेवर सांगेन.

पानावर 'तपासून घ्यावी' असं मोघम नको. चार गोष्टींची नावं घ्या.

एक, इंग्रजी स्पेलिंग. मराठीत 'दीपाली' सगळीकडे दीपालीच असते. इंग्रजीत मात्र आधारवर 'दी'साठी डबल ई, शाळेत आय, बँकेत तिसरंच काहीतरी. अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा शैक्षणिक ओळखक्रमांक) अडकतो तो बहुतेक वेळा इथेच, कारण तिथे नाव आधारशी अक्षरशः जुळावं लागतं. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं आणि आधारवर शेवटी. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. अक्षरं जुळली पाहिजेत.

दोन, आईचं नाव. ते गुणपत्रिकेवर स्वतंत्र ओळीत छापतात. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, हा घोळ आपल्याकडे नेहमीचा.

तीन, जन्मतारीख, अंकी आणि अक्षरी दोन्ही. अंकात ०१ आणि अक्षरात 'अकरा' अशी नोंद असली तर ती वर्षानुवर्षं कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

चार, जन्मस्थळ आणि जात. जन्मस्थळात नुसतं गावाचं नाव पुरत नाही, तालुका आणि जिल्हा हवा. जातीच्या रकान्यात 'हिंदू' लिहून सोडलं असेल तर पुढे जातीच्या दाखल्याला तोच कागद कमजोर पडतो.

दुरुस्तीची रीत पालकांना ठाऊक नसते. ते येतात आणि म्हणतात, "भाऊसाहेब, एवढं खोडून द्या." खोडता येत नाही. मुख्याध्यापकांनाही स्वतःच्या अधिकारात येत नाही. पालकाचा अर्ज, जन्माचा दाखला, पहिल्या शाळेचा उतारा एवढं जोडून प्रस्ताव शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्याकडे जातो. मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे. तिथून आदेश आला की लाल शाईने नोंद होते आणि शेऱ्यात आदेशाचा क्रमांक पडतो. मूल शाळेच्या पटावर आहे तोवर हे सरळ होतं. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की हेच काम कितीतरी पट अवघड होऊन बसतं.

आणि क्रम उलटा करू नका. पुष्कळ पालक आधी आधार केंद्रावर धावतात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. जन्मदाखला आणि रजिस्टर आधी एका रेषेत आणा, मग त्याप्रमाणे आधार.

---

सेतूवाला

भाऊसाहेबांच्या आधारच्या मुद्द्याला जोडून. नववी संपते तेव्हा मूल पंधराच्या आसपास असतं. पंधरा पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो पुन्हा द्यावे लागतात, आणि १५ ते १७ या वयात हे काम मोफत होतं. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर येईनात म्हणून चौकशी करावी, तर निघतं हेच. मेमध्ये उरकून टाका. जूनपासून आमच्याकडे रांग दारापर्यंत असते.

आता दहावीवाल्यांचे दाखले. सगळ्यात मोठा घोटाळा ३१ मार्चचा. उत्पन्नाचा दाखला आणि ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र आर्थिक वर्षाला बांधलेलं असतं. हुशार पालक जानेवारी-फेब्रुवारीत काढून फाईलला लावतात आणि मेमध्ये निकाल लागतो तेव्हा ते शिळं झालेलं असतं. हे दोन कागद एप्रिल उजाडल्यावरच काढा. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे मागास प्रवर्गातलं घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, एक किंवा तीन वर्षांचं मिळतं, कितीचं ते तुम्ही जोडलेल्या उत्पन्नाच्या पुराव्यावर ठरतं. तेही संपतं ३१ मार्चलाच. दहावीनंतर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला जायचा विचार असेल तर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागेल, तारीख बघून घ्या.

जातीच्या दाखल्याला मात्र मुदत नाही, म्हणून तो आठवी-नववीतच काढून ठेवावा. वेळ खातो तो पुरावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. मुलाच्या वडिलांचा शाळेचा दाखला बहुतेक वेळा या तारखांच्या नंतरचा निघतो. म्हणून आजोबांच्या, नाहीतर चुलत आजोबांच्या प्राथमिक शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा काढावा लागतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलमधून कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल. गाव सोडून शहरात आलेल्या घरांना यासाठी गावी चक्कर मारावीच लागते, आणि मे महिन्यात लग्नाला जाणं होतंच. त्याच फेरीत काम करून या, एवढी ओळ पानावर टाका.

मराठा समाजातल्या पालकांसाठी एक स्वतंत्र वाक्य लिहा. २०२४ च्या कायद्यानंतर राज्यातल्या प्रवेशांना त्यांचा प्रवर्ग एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आहे. जुन्या सवयीने ईडब्ल्यूएस काढून आणतात आणि खिडकीवर अडकतात. कुणबी नोंद सापडली असेल तर ओबीसी. फॉर्मवर एकच प्रवर्ग चालतो.

---

तासिका क्रमांक आठ

अकरावी प्रवेशाचं. २०२५ पासून केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्याला लागू झाला. त्याआधी ठरावीक शहरांपुरताच होता. त्यामुळे ग्रामीण भागात 'आपल्याच कॉलेजात जायचंय, जूनमध्ये जाऊन नाव घालू' असं धरून बसलेले पालक अजूनही भेटतात. गावात एकच कॉलेज असलं तरी फॉर्म ऑनलाइनच, हे ठळक अक्षरांत लिहा.

फॉर्मचे दोन भाग. पहिल्यात वैयक्तिक माहिती आणि प्रवर्ग, दुसऱ्यात पसंतीक्रम, एक ते दहा. इथली चूक सगळ्यात महाग पडते. क्रमांक एकला टाकलेलं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून मूल बाहेर. म्हणून 'बघू तरी लागतं का' म्हणून चाळीस किलोमीटरवरचं नावाजलेलं कॉलेज एकला टाकायचं नाही. एसटीची वेळ, पासाचा खर्च, मुलगी असेल तर संध्याकाळची परतीची गाडी, हे सगळं बघून ज्या कॉलेजात नक्की जाणार तेच एकला. दोन ते दहामधलं मिळालं तर ते सोडून पुढच्या फेरीची वाट बघता येते.

लॉगिनचा पासवर्ड सायबर कॅफेवाल्याच्या डोक्यात ठेवू नका. मोबाईल नंबर घरातला आणि चालू असलेला द्या. ओटीपी त्यावरच येतो.

अकरावी आणि डिप्लोमा दोन्हीकडे अर्ज करणाऱ्यांना: शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. अकरावीच्या कॉलेजात जमा केलात आणि मग डिप्लोमाला नंबर लागला, तर आधी तिकडचा प्रवेश रद्द करायचा, मग दाखला परत, मग डिप्लोमा. यात दोन-तीन दिवस जातात आणि प्रवेशाची मुदत साधारण तेवढीच असते.

निकालानंतरचे शब्दही पालक एकात एक मिसळतात. गुणपडताळणी म्हणजे बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर पुनर्मूल्यांकन, पण त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावीच लागते, आणि ती मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत अर्ज. छायाप्रत आली की विषयशिक्षकाकडे घेऊन या, आतली पानं आणि वरचा तक्ता शेजारी ठेवून बेरीज करा. नुसतं 'कमी वाटतात' म्हणून पैसे भरू नका.

एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीत बसता येतं. पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो आणि त्याची खिडकी निकालानंतर थोडेच दिवस उघडी असते. नापास झालेलं मूल लाजेने शाळेकडे फिरकत नाही आणि तारीख निघून जाते. पानापेक्षा इथे तुमचा फोन जास्त कामाचा.

---

फळ्यावरची सुबक अक्षरं

आठवीची ओळ फार मऊ झालीय. पाचवी आणि आठवीला आता सरसकट वर ढकलणं नाही. वार्षिक परीक्षेत प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात. नाही मिळाले तर जूनमध्ये शाळा सुरू होताना पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर मूल आठवीतच राहतं. पालकांना वाटतं, 'आठवीपर्यंत नापास करत नाहीत.' म्हणून पुनर्परीक्षेचा विषय, तारीख आणि कुठली प्रकरणं हे प्रत्येक मुलाच्या प्रगतिपुस्तकातच हाताने लिहून द्या. सगळ्यांच्या पानावर ते छापू नका, कुणाचं पोर अडकलं याची गावभर चर्चा व्हायची.

शिवाय आठवीनंतर बऱ्याच गोष्टी फुकट राहत नाहीत. मोफत पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहार आठवीपर्यंतच. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत असलेल्यांना नववीपासून पूर्ण फी. त्यातले काही जण तुमच्याच शाळेत यायला निघतील, तर एप्रिलमध्येच कळवा म्हणावं, तुकडीचा अंदाज येतो.

एनएमएमएस ही केंद्राची परीक्षेवरून मिळणारी शिष्यवृत्ती लागलेल्या मुलांकडे विशेष लक्ष द्या. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी, म्हणजे ४८,००० चा प्रश्न आहे. परीक्षा पास झाली की पैसे आपोआप येतात असं नाही. नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नवा अर्ज, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण. मूल विनाअनुदानित शाळेत हलवलं की हक्क गेला. दहावीत ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. खातं मुलाच्या नावाचं आणि आधार जोडलेलं हवं; आईच्या खात्याचं पासबुक आणून देतात, ते चालत नाही.

चित्रकलेबद्दल एक ओळ टाका. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. इंटरमिजिएटला ए श्रेणी असेल तर दहावीला ७ गुण, बी ५, सी ३. एलिमेंटरी झाल्याशिवाय इंटरमिजिएटला बसता येत नाही. म्हणून आठवीतून नववीत जाणाऱ्यांनी आत्ताच ठरवावं. दहावीत आठवण होते तेव्हा दोन्ही परीक्षा बसवायला वेळ उरलेला नसतो.

---

खडूवाल्या बाई

सगळ्यांचे आभार. पाठपोट पान पुरणार नाही असं दिसतंय. इयत्तेप्रमाणे तीन वेगळी पानं करते. भाऊसाहेब, दोन शंका. मूळ दाखला पालकांना देताना काय सांगावं? आणि नववीची तपासणी पालक करतील याची खात्री कशी करायची?

---

जनरल रजिस्टर

दाखला देण्याआधी त्यांच्यासमोर वाचा, मोठ्याने. चूक सापडली तर सहीच्या आधी सापडू दे. मग सांगा, चार-पाच झेरॉक्स आणि एक स्पष्ट स्कॅन आजच करून घ्या. मूळ प्रतीला लॅमिनेशन करू नका, पुढे शिक्का किंवा शेरा मारायचा असला की पंचाईत होते. हरवला तर प्रतिज्ञापत्र घेऊन दुसरी प्रत देतो, पण तिच्यावर 'दुय्यम प्रत' असं येतं आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं स्पष्टीकरण देत बसावं लागतं.

नववीसाठी पान वाटू नका, चिठ्ठी भरून घ्या. पालकांच्या हस्ताक्षरात पाच रकाने: आधारप्रमाणे इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांत, जन्मदाखल्याप्रमाणे मराठी नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी-अक्षरी, जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासह. खाली सही आणि मोबाईल. चिठ्ठी आली की प्रगतिपुस्तक हातात. मी ती रजिस्टरशी ताडून बघतो, जुळली की टिक, नाही जुळली की गोल. गोलवाल्यांना मेच्या पहिल्या आठवड्यात बोलवा. शाळेला सुट्टी असली तरी कार्यालय उघडं असतं, आणि १५ जूननंतर माझ्यासमोर नव्या प्रवेशांचा ढीग असतो.