मदत हवी आहे: जुन्या विटांच्या घराला आडवा पट्टा घालावा का?

नागपूरच्या महाल भागात आमचं दुमजली घर आहे, वीट-चुन्याचं, लोडबेअरिंग, म्हणजे सगळा भार भिंतींवरच. आरसीसीचा एकही कॉलम नाही. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात उभी भेग गेलीये. खाली केसाएवढी, वरती बोट जाईल एवढी. मिस्त्री म्हणतो, सिमेंट भरा नि रंग मारा. मला पटत नाही. वीट दाब झेलते, ताण नाही. भूकंपाच्या हादऱ्यात कोपरा सुटला की भिंत एकटी पडते, बाहेर कोसळते. नागपूर भूकंपाच्या झोन २ मध्ये, म्हणजे कमी धोक्याच्या भागात, मान्य. पण १९९३ च्या भूकंपाआधी किल्लारी तर त्याहून कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होती! आयएस १३९३५ मध्ये (विटा-दगडांच्या इमारती भूकंपासाठी मजबूत करण्याचं भारतीय मानक) भिंतीवर आडवा जाळी-सिमेंटचा पट्टा दिलाय, पण चुन्याच्या भिंतीवर तो धरतो का? कुणी करून घेतलंय? चांगला स्ट्रक्चरल इंजिनिअर सुचवा. 'वर स्लॅब टाका' म्हणणारा नको, वजन आधीच पुष्कळ आहे.